झीलकऱ्याचा फोन

हरिबाशी गप्पा मारायच्या म्हणजे आपण निम्मंच बोलायचं असतं. उरलेलं निम्मं तो आपल्यालाच परत करतो. "काय हरिबा, औंदा पाऊस कमीच दिसतोय," म्हटलं की तो मान हलवून म्हणणार, "कमीच दिसतोय." "मेंढरं कुठं घेऊन चाललास? वढ्याकडं का?" "वढ्याकडं." नव्या माणसाला वाटतं, म्हातारा आपली टिंगल करतोय. मागं एकदा कसल्याशा सर्वेक्षणाच्या बाई त्याच्या दारात अर्धा तास बसल्या होत्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, "आजोबा, जरा नीट उत्तर द्या की." हरिबा गंभीरपणे म्हणाला, "नीट उत्तर द्या की." बाईंनी टॅब पिशवीत घातला. सरकारदरबारी आमच्या वाडीत तेव्हापासून एक उंबरा कमी आहे.

टिंगल मुळीच नव्हती. एकेचाळीस वर्षं दुसऱ्याच्या ओळीचं शेपूट उचललेल्या माणसाच्या तोंडाला तशी सवयच लागते. हरिबा झीलकरी आहे.

धनगरी ओवीला दोन बाजू लागतात. पुढं म्हणणारा एका कानावर हात ठेवून ओळ टाकतो, आणि ती खाली पडायच्या आत मागचा तिचं शेपूट धरून तिला परत वर नेतो. ती झील. मागच्यानं सूर ओढून धरला की तेवढ्यात पुढच्यानं दम घ्यायचा आणि पुढची ओळ शोधायची. झील कच्ची असली तर पुढचा कितीही मोठा गाणारा असो, चार ओळींत त्याचा जीव वर येतो. पण हे कळतं फक्त गाणाऱ्यांना. ऐकणाऱ्यांना पुढचाच तेवढा दिसतो.

आमच्या वाडीत पुढं म्हणणारा बिराप्पा. उंच, काटकुळा, आणि जिभेला हाड नसलेला. बिरोबाच्या देवळापुढं सुंबरान मांडून, म्हणजे देवाचं स्मरण करून, तो उभा राहिला की कवठे महांकाळपर्यंतचे लोक यायचे. त्याची ओवी एकदा झाली तशी परत कधी होत नसे. कथा देवाचीच, पण ज्या शेतात मेंढरं बसवलीत त्या शेतकऱ्यानं शिळी भाकरी दिली असेल, तर तो शेतकरी कथेत राक्षसाच्या बाजूनं यायचा. ताजी दिली असेल तर देवाचा मेहुणा व्हायचा. हे सगळं त्याला उभ्या उभ्या सुचायचं, आणि ते सुचायला लागणारा वेळ हरिबा पुरवायचा.

हरिबाला वाडीबाहेर नाव नव्हतंच. 'बिराप्पाबरोबरचा' म्हणायचे. दर सालाला दोघं मेंढरं घेऊन कोरेगावकडं जायचे. तिथल्या एका बागायतदारानं मुलीच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं धाडली होती, तिच्यावर लिहिलं होतं, 'श्री. बिराप्पा व बरोबरचे.' हरिबानं ती पत्रिका ट्रंकेत जपून ठेवलीय. मी एकदा म्हटलं, "अरे, तुझं नाव न्हाई की तिच्यात."

"हाय की," तो म्हणाला. "बरोबरचे म्हंजी कोन मग?"

त्याचा मुलगा मल्हार साताऱ्याला एका कंपनीत लागला. जाताना त्यानं बापाला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला, दुकानात सुटे पैसे नसतात म्हणून त्यात बँकही बसवून दिली, आणि रेकॉर्ड कसं करायचं तेवढं शिकवलं. लाल टिकली दाबायची, की चालू. परत दाबायची, की बंद. हरिबानं फोन नेऊन बिराप्पासमोर दगडावर ठेवला. बिराप्पानं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्यो डबा झील देतोय का रं?"

"न्हाई. ह्यो नुसता ऐकतोय."

"मग तुझ्यापरास बरा हाय," म्हणाला आणि कानावर हात ठेवून सुरू झाला.

दोन वर्षांत अशा त्रेसष्ट ओव्या त्या फोनमध्ये जमा झाल्या. त्रेसष्ट हा आकडा मला ठाऊक आहे, कारण हरिबा दर नव्या ओवीला फोन आणून मला यादी दाखवायचा. बासष्टाव्या वेळी बिराप्पाला खोकला झाला होता. त्रेसष्टाव्या वेळी बरा होता. दोन वर्षांमागं दिवाळीच्या तोंडावर सकाळी मेंढरं सोडायला म्हणून उठला आणि वाघरीच्या जाळीला धरूनच खाली बसला. सांगलीपर्यंत गाडी गेली, पण उगीच गेली.

आणि हरिबाची बायको? तानुबाई ठणठणीत आहे. नातीच्या जन्माला म्हणून ती साताऱ्याला सव्वा महिन्यासाठी गेली होती. ती नात, उत्कर्षा, आता साडेतीन वर्षांची आहे. सव्वा महिना अजून संपायचाय. मुलगा कंपनीत, सून सोनम दवाखान्यात नोकरीला, पोरीला बघणार कोण? तानुबाई दर रविवारी फोन करून विचारते, "आवं, जेवला का?" हरिबा म्हणतो, "जेवला." मग ती पोरीचं काही सांगते, हरिबा त्याची शेपटं उचलतो, आणि फोन संपतो. ज्यानं स्वतःहून आयुष्यात वाक्य सुरू केलं नाही, त्याला फोनवर बायकोशी काय बोलायचं ते कसं सुचणार?

तोही एकदा साताऱ्याला गेला होता. आठ दिवसांसाठी गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. झालं असं, की सुनेनं पहिल्याच रात्री वाढताना काळजीनं विचारलं, "मामा, आमटीत मीठ जास्त झालंय का?" हरिबानं मान डोलावली. "मीठ जास्त झालंय." दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "पोळ्या वातड झाल्यात का?" "वातड झाल्यात." तिसऱ्या दिवशी सोनम नवऱ्याशी बोलेना. तानुबाईनं परोपरीनं सांगितलं, की बाई गं, त्यांचं तसं नसतंय, त्यांनी फक्त ऐकलं म्हणून सांगितलं. पण प्रश्नाला प्रश्नाचंच शेपूट जोडलं की ते उत्तर होतं, ही गोष्ट त्या सुनेला समजावणार कशी? शिवाय आमटीत मीठ खरंच जास्त होतं म्हणे.

तर राहता राहिला फोन. रोज दिवस मावळताना नऊ मेंढरं वाघरीत घातली, की हरिबा ओट्यावर फोन ठेवायचा, एक ओवी लावायचा आणि कानावर हात घ्यायचा. फोनमधून बिराप्पा ओळ टाकायचा, ओट्यावरून हरिबा झील द्यायचा. फोनमध्ये त्याची स्वतःची झील होतीच, पण तिच्यावर हा आणखी एक चढवायचा. "दोनदोन झिला झाल्या की रं," मी म्हटलं, तर म्हणाला, "तवाची जरा हलकी पडलीया." एकदा रस्त्यानं जाणाऱ्या तासगावच्या बेदाणा-व्यापाऱ्यानं गाडी थांबवून विचारलं होतं, "बिराप्पा गेला असं ऐकलं होतं, खोटंच का?" हरिबा म्हणाला, "खोटंच." ह्या एका वेळी ती सवय होती का उत्तर, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग गेल्या माघात फोन आजारी पडला.

आजाराचं कारण नंतर कळलं. हरिबाला कुणीतरी पाहुण्यांच्या ग्रुपमध्ये घातलं होतं. त्या ग्रुपमध्ये अडीचशे माणसं एकमेकांना रोज सकाळी गुलाबाचं फूल, वाफाळता चहा आणि उगवता सूर्य पाठवत. हरिबानं त्यातलं एकही फूल पुसलं नव्हतं. कुणी प्रेमानं धाडलेलं कसं पुसायचं? दोन वर्षांच्या फुलांनी फोन गच्च भरला आणि एका संध्याकाळी बिराप्पा ओळीच्या मध्येच अडकला. पडद्यावर एक चाक फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी तेही फिरेना; फोन लागायचा, ओवी तेवढी लागेना.

मी त्या वेळी सांगलीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं होतो. वाडीतली जाणती पोरं द्राक्षांच्या छाटणीपासून काढणीपर्यंत बागेतच असतात. पाच दिवस हरिबानं वाट बघितली. पाच संध्याकाळी गप्प गेल्या. सहाव्या दिवशी दुपारी त्यानं मल्हारनं शिकवलेली दुसरी युक्ती केली. माइकचं चित्र दाबून फोनलाच म्हणाला, "फोन दुरुस्त करनाऱ्याचा नंबर दे."

फोननं दिला. तो नंबर ज्यांनी तिथं पेरून ठेवला होता, ते अशाच माणसांची वाट बघत बसलेले असतात.

पलीकडून एक गोड आवाज आला. "नमस्कार सर, कस्टमर केअर में आपका स्वागत है."

"स्वागत है," हरिबा म्हणाला.

हिंदी त्याला धड समजत नाही. पण उचलता येते. शेपूट उचलायला अर्थ लागत नाही, कान लागतो. मोडक्यातोडक्या भाषेत त्यानं सांगितलं, की फोनमध्ये गानं हाय, वाजत न्हाई, तेवढं वाजाया पायजे. त्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फोनमध्ये मोठा व्हायरस आहे म्हणाला. घाबरायचं कारण नाही, दहा रुपये नोंदणी, आणि बाकी सगळं कंपनी इथून बसल्या जागी दुरुस्त करेल. आणि मग तो एक वाक्य म्हणाला. हरिबानं मला हे वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, त्याच चालीत:

"दादाजी, टेन्शन मत लो. मैं आगे-आगे बोलूँगा, आप बस मेरे पीछे-पीछे बोलना."

आता मला सांगा, त्या बिचाऱ्यानं काय करायचं? दीड-दोन वर्षांत त्याला हे कुणी म्हटलं नव्हतं. फसवणाऱ्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला सोपं पडावं म्हणून आपण एक युक्ती केली. त्याला काय कल्पना, की पलीकडं ओट्यावर एक माणूस सरळ होऊन बसला, मुंडासं नीट केलं आणि फोन स्पीकरवर टाकून त्यानं डावा हात कानावर नेला!

"प्ले स्टोर खोलिए, दादाजी."

"खोलिए दादाजी."

"सपोर्ट वाला ॲप, हरा बटन दबाइए."

"हरा बटन दबाइए."

"अब अलाऊ करिए."

"अलाऊ करिए."

पलीकडचा माणूस हुशारला असणार. असं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नसेल. शंका नाही, प्रश्न नाही, 'जरा मुलाला विचारतो' नाही. एक ओळ टाकली की दुसऱ्या क्षणाला ती पक्की होऊन परत येतेय. शेजारची हरणाबाई शेळीला पाला टाकायला आली होती. ती सांगते, तासभर दोघांचं काय लागलं होतं! "मला वाटलं, म्हाताऱ्याला हिंदीतला बिराप्पा घावला."

नोंदणीचे दहा रुपये भरायचा गुप्त आकडा हरिबानं दाबला, आणि दाबताना तो मोठ्यानं म्हटलाही, कारण माणूस म्हणाला होता, "चारों नंबर बोलिए और दबाइए." मग हरिबाचा फोन आपोआप हलायला लागला. पडदे उघडत होते, मिटत होते. हरिबा कौतुकानं बघत होता. बसल्या जागेवरनं एवढं करतोय गडी!

आणि शेवटी, पैसे इकडून तिकडं जायला वेळ लागत होता म्हणून असेल किंवा म्हाताऱ्याला गुंतवून ठेवायला असेल, त्या माणसानं विचारलं, "दादाजी, मेमरी फुल है. पुरानी फाइलें बहुत पड़ी हैं. सब हटा दें?"

हरिबानं सूर ओढून धरला.

"सब हटा दें."

प्रश्नचिन्ह वाटेतच गळालं. हिंदीत काय किंवा मराठीत काय, झिलीत प्रश्नचिन्ह उचलत नाहीत.

"अब एक घंटा फोन को हाथ मत लगाइए." "हाथ मत लगाइए." आणि हरिबानं खरोखर एक तास हात लावला नाही. समोर बसून राहिला. तासानं फोन उचलला, तर फोन वाऱ्यासारखा चालत होता! मला ह्या गोष्टीचं फार नवल वाटतं. एवढ्या मोठ्या लबाडीत एक काम मात्र त्या भामट्यानं चोख केलं होतं. फोन दुरुस्त झाला होता. गुलाब गेले होते, चहा गेले होते, अडीचशे पाहुण्यांचे सूर्य मावळले होते. हरिबानं ओव्यांच्या यादीवर बोट ठेवलं. तिथं काहीही नव्हतं.

दोन दिवसांनी मी सांगलीहून परत आलो, डोळ्यावर काळा चष्मा. हरिबा पारावर वाटच बघत होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं आपणहून वाक्य सुरू केलं.

"मास्तर, बिराप्पा दिसंना."

मला वाटलं ह्याला भ्रम झाला. फोन हातात घेऊन बघतो, तर बँकेचे चार निरोप ओळीनं आलेले. बिराप्पा गेल्यावर तीस मेंढ्या विकून बँकेत ठेवलेलं सगळं गेलं होतं. खात्यात अठ्ठावीस रुपये होते. "अरे हरिबा, लुटलं की रं तुला! पैसं गेलं सगळं!"

"सगळं?" तो म्हणाला. मग माझ्या हातातला फोन वळवून त्यानं ती रिकामी यादी परत माझ्यासमोर धरली. "त्ये मागनं बघू. आदी ह्यात बघा. चष्मा काडून बघा."

ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा एकोणीसशे तीस नंबर लावला. दुसऱ्या दिवशी सांगलीला सायबर पोलिसांकडं गेलो. एक तरुण फौजदार बाई होत्या. फार सभ्य. चहा मागवला. कागद पुढं ओढून म्हणाल्या, "आजोबा, काय काय गेलं ते सांगा."

"बिराप्पा गेला."

बाईंनी पेन थांबवलं. "कोण बिराप्पा? कधी गेले?"

"एकदा दिवाळीच्या तोंडावर. आनि आता ह्या मंगळवारी."

मी मध्ये पडून सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. पैशातले काही अजून पुढच्या खात्यात अडकलेले असतील तर थांबवता येतील म्हणाल्या, तसे थोडे थांबलेही पुढं. पण हरिबा खुर्चीच्या टोकावर बसून एकच विचारत होता, "त्या मानसाला धरल्यावर त्याच्याकडनं ओव्या निगतील का?" बाई म्हणाल्या, "आजोबा, त्यानं त्या घेतल्या नाहीत. त्यानं पुसल्या." हरिबाला हे काही केल्या पटेना. चोरून नेलेली वस्तू कुठंतरी असते. मेंढरू चोरीला गेलं तर कुठल्या तरी बाजारात उभं असतं. जी वस्तू चोरानं घेतलीच नाही, ती गेली कशी?

म्हणून त्यानं आम्हा सगळ्यांच्या नकळत दुसऱ्या दिवशी सकाळी चोरालाच फोन लावला. तोच नंबर. आणि गंमत म्हणजे तो लागला. हरणाबाई साक्षीला होती.

"नमस्कार सर, कस्टमर केअर में आपका स्वागत है."

ह्या वेळी हरिबानं शेपूट उचललं नाही. "पाव्हनं," तो म्हणाला, "मी बोलतोय, कवठे म्हांकाळकडचा. पैसं ऱ्हाऊ द्या तुमालाच. आमी कुनाला सांगनार न्हाई. पर गानं तेवढं परत धाडा की. त्रेसष्ट हुती. निम्मी दिली तरी चालतील."

मग तो माणूस म्हणाला, "कौन सा गाना था दादाजी? नेट पे मिल जाएगा." आणि फोन बंद झाला. तो परत लागला नाही.

पुढच्या रविवारी मल्हार साताऱ्याहून मोटारसायकलवर आला. पोरगं गुणी आहे. बापाला एक शब्द बोलला नाही. बँकेचं सगळं बंद करून दिलं, ओट्यावर बसला आणि नुसता हात चोळत राहिला. मीही होतो. एकदम त्याला काहीतरी आठवलं. "आबा! एक ओवी तुमी मला धाडली हुती की! मी नव्या खोलीत ऱ्हायला गेलो तवा!"

हरिबा उठून उभाच राहिला. "धाडली हुती! इक्तिसावी! मेंढी पुरात वाहून जात्या ती!"

मल्हारनं फोन काढला. बापाशी झालेला सगळा लिखित संवाद म्हणजे 'पोचलो', 'पैसे टाकले', 'गॅस आला का' एवढाच होता, त्यामुळं वर जायला वेळ लागला नाही. ती ओवी तिथं होती. नावासकट, तारखेसकट. तिच्या अंगावर एक छोटा बाण होता. मल्हारनं ती कधी उघडलीच नव्हती. रात्रपाळी होती, फाइल मोठी होती, नेट संपलं असतं, नंतर निवांत ऐकू म्हणून ठेवून दिली होती. त्यानं बाणावर बोट दाबलं. चाक फिरलं. आम्ही तिघंही त्या चाकाकडं बघत होतो. मग चाक थांबलं आणि खाली एक पाटी आली.

"काय म्हंतोय?" हरिबानं विचारलं.

मल्हारनं वाचलं. त्यानं फोनमध्ये बापाचं नाव 'आबा गाव' असं घातलंय. "फाइल उपलब्ध नाही. 'आबा गाव' यांना... यांना पुन्हा पाठवायला सांगा."

"पुन्हा पाठवायला सांगा," हरिबा म्हणाला.

मल्हारची मान खाली गेली ती जेवणापर्यंत वर आली नाही. निघताना त्यानं बापाला साताऱ्याला चला म्हणून फार गळ घातली. हरिबा म्हणाला, "मेंढरं हायत." नऊच होती, पण होती.

तो गेल्यावर मी म्हटलं, "हरिबा, एकेचाळीस वर्षं ऐकलंस. तूच म्हन की पुढचं. फोनमध्ये भर परत."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मुंडासं नीट केलं. हात कानावर नेला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि तसाच राहिला. गळ्याची शीर ताठ झाली होती, पण आवाज नाही. मी मनातल्या मनात त्याच्या वतीनं जोर लावत होतो. शेवटी त्यानं हात खाली घेतला.

"शेपटं सगळी हायत मास्तर," तो म्हणाला. "डोकी त्येनंच न्हेली."

मी घरी आलो.

त्यानंतरचं मला मल्हारनं फोनवर सांगितलं. दहाएक दिवसांनी कंपनीच्या बसमध्ये बसलेला असताना त्याला बापाकडून एक फाइल आली. एकोणीस मिनिटांची. ह्या वेळी त्यानं ती तिथल्या तिथं उघडली. काहीच ऐकू येईना. वारा, एक मेंढी, लांब कुठंतरी ट्रॅक्टर. त्याला वाटलं, आबांनी चुकून लाल टिकली दाबली. बंद करणार, एवढ्यात हरिबाचा आवाज आला. मोठा, खणखणीत, शेवटचे चारच शब्द, ओढून धरलेले. मग परत वारा. एक ओळ म्हणायला लागतो बरोबर तेवढा वेळ. मग पुढचं शेपूट. एकोणीस मिनिटं असंच. पुरात वाहून जाणारी मेंढी, तिच्यातलं फक्त 'पान्यामंदी गं' आणि 'काठाला आली गं', आणि मधली मेंढी कुठंच नाही.

कंपनीच्या थांब्यावर सगळे उतरले तरी मल्हार बसमध्येच होता. ड्रायव्हरनं उठवलं.

घरी गेल्यावर त्यानं ती फाइल आईला लावून दिली. तानुबाईनं गॅस बंद केला आणि पदर तोंडाला लावून उभ्यानं सगळं ऐकलं. उत्कर्षा मध्ये बोलायला लागली तर तिला गप केलं. संपल्यावर म्हणाली, "लाव फोन त्यास्नी."

मल्हारनं लावला. बेल बराच वेळ वाजली.

"आवं," तानुबाई म्हणाली, "मधी एवडं थांबताय कशाला? लय लांबवलंय. बिराप्पाभावजी एवडा दम घेत नव्हते."

"घेत नव्हता," हरिबा म्हणाला. मग आपणच पुढं बोलला. "आता घेतो. वय झालं की त्येचं."

तानुबाई काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात त्याची मेंढरं हरणाबाईच्या शाळूत शिरली आणि तो फोन ओट्यावर चालूच ठेवून पळाला. साताऱ्यात तिघं बराच वेळ त्याचं लांबलांब जाणारं ओरडणं ऐकत राहिली.